दारं बसवू नकोस

“ताई, मेव्हणा म्हणतोय बिल्डिंगवर लीन टाक. टाकता येईल ना?”

श्रीकांतचा फोन आला तेव्हा मी लीड्समधल्या एका साइटवर, कठडा नसलेल्या जिन्यात, हेल्मेट घालून उभी होते. एका हाताने भिंत धरली होती.

“कुठला मेव्हणा?”

“मेधाचा भाऊ. न्यू जर्सीचा. तिकडे पैसे मिळाले नाहीत की लीन टाकतात म्हणे. मेकॅनिक्स लीन. मग मालक धावत येतो.”

“तिकडे येतो. इंग्लंडात लीन नसतं रे. इथे आपणच लीन व्हायचं.”

तो हसला. त्यानंतर तो हसलेला मला आठवत नाही.

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे. माझ्या सासूबाई शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत की आमची सून विलायतेत जमिनीची मोजणी करते. तसं नाही. बांधकामात किती काम झालं, त्याचे किती पैसे होतात, हे मी ठरवते. आणि पैसे अडकले की ते काढायचे कसे, हेही बघते. पूर्वी मोठ्या कंपन्यांसाठी करत होते. आता छोट्या सबकॉन्ट्रॅक्टर्ससाठी करते. फी कमी मिळते, डोकं जास्त दुखतं.

लीन म्हणजे काय, ते आधी सांगते. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढतो ना, तसंच. अमेरिकेत एखाद्या सुताराने इमारतीत काम केलं आणि त्याचे पैसे बुडाले, तर तो त्या इमारतीवरच आपला बोजा नोंदवू शकतो. मग मालकाला ती इमारत सुखाने विकता येत नाही. त्यामुळे तो मुकाट्याने मिटवून टाकतो. इंग्लंडात ही सोय नाही. तुमचा करार ज्याच्याशी, त्याच्याकडेच पैसे मागायचे. बाकी इमारतीचा मालक तुमचा कोणी लागत नाही.

श्रीकांतचा करार राजाभाऊंच्या कंपनीशी होता. नावं अर्थातच बदलली आहेत. लीड्समध्ये एका डेव्हलपरने जुनी कचेरी विकत घेऊन तिथे डे-क्लिनिक करायला घेतलं होतं. डेव्हलपरने काम राजाभाऊंना दिलं, राजाभाऊंनी दारांचं काम श्रीकांतला दिलं. साधी दारं नव्हेत, फायर डोअर्स. आग लागली तर ठरावीक वेळ धूर आणि ज्वाळा अडवून धरणारी, दोन माणसांना उचलायला जड जाणारी दारं. प्रत्येक चौकटीच्या मापाने बनवलेली. ती दुसरीकडे कुठे बसत नाहीत, म्हणून कारखाना आधी पैसे घेतो आणि मगच लाकडाला हात लावतो.

ते पैसे श्रीकांतने घरावर कर्ज काढून भरले होते. घर दोघांच्या नावावर, म्हणून कर्जाच्या कागदावर मेधाचीही सही. मेधा भूलतज्ज्ञ आहे, तिच्या हॉस्पिटलच्या नोकरीसाठीच दोघं लीड्सला आले. श्रीकांत सांगलीचा, घरचा लाकडाचा धंदा. इथे आल्यावर काही वर्षं त्याने ऑफिसात कॉम्प्युटरसमोर काढली. मग एक दिवस राजीनामा देऊन इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एक छोटं युनिट भाड्याने घेतलं आणि रंधा हातात घेतला. पहिलं काम राजाभाऊंनी दिलं. युनिटच्या उद्घाटनाला राजाभाऊंचे वडील, अण्णा, लंडनच्या इल्फर्डहून एवढ्या लांब आले आणि त्यांनीच नारळ फोडला. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की इथून पुढे श्रीकांत जे वागला, ते या नारळामुळे वागला.

राजाभाऊंची दोन पेमेंट्स थकली होती. इथला कायदा तसा वाईट नाही. समोरच्याला पैसे कापायचे असतील, तर अमुक कारणाने कापतो अशी नोटीस मुदतीत द्यावी लागते. नाही दिली तर मागितलेले सगळे पैसे द्यावे लागतात. राजाभाऊंनी नोटीस दिली नव्हती, पैसेही दिले नव्हते. “डेव्हलपरकडून आले की देतो रे,” एवढंच सांगत होते. वरून पैसे आले की मग देतो, हे कारणही इथे कायद्याला चालत नाही. तरी सगळे तेच सांगतात.

मी त्या संध्याकाळी श्रीकांतच्या युनिटवर गेले. दारं भिंतीला टेकवून एकामागे एक उभी होती, प्रत्येकावर प्लास्टिक. देखणी होती हो. ओकचं व्हिनियर, कडा अशा गुळगुळीत की हात फिरवत राहावं.

“हे बघ,” मी म्हटलं, “लीन नाही, पण तुझ्याकडे ही दारं आहेत. बिल्डिंगमध्ये फायर डोअर्स लागल्याशिवाय बिल्डिंग कंट्रोलवाले सही करत नाहीत. सही नाही तर हँडओव्हर नाही. म्हणजे डेव्हलपरची मान सध्या तुझ्या या युनिटमध्ये अडकलीय. कळतंय?”

“हो.”

“पैसे दिले नाहीत म्हणून काम थांबवतो, अशी नोटीस देता येते. कायद्याने तुझा हक्क आहे तो. आठवड्याची मुदत द्यायची आणि थांबायचं. मी मसुदा करून ठेवते, सोमवारी पाठवू. पण एक लक्षात ठेव. दारं बसवू नकोस. तुझ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलंय, पैसे मिळेपर्यंत माल तुझा. पण तो फक्त सुटा असेपर्यंत. एकदा स्क्रू मारून चौकटीत बसवलास की दार बिल्डिंगचं. मग कॉन्ट्रॅक्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.”

“माझ्या पैशाने आणलेलं असलं तरी?”

“तुझ्या रक्ताने रंगवलेलं असलं तरी.”

त्याने मान हलवली. मला वाटलं, पटलं.

रविवारी अण्णा गेले.

सोमवारी सकाळी मी श्रीकांतला नोटीस वाचायला पाठवली आणि जोडीला लिहिलं, ‘हो म्हण, पाठवते.’ उत्तर नाही. दुपारी मीच फोन केला.

“ताई, आज नको.”

“उद्या?”

“तेरावा होऊ दे.”

“श्रीकांत, सुतक त्यांना आहे. तुला नाही, मला नाही आणि कंपनीला तर नाहीच नाही. लिमिटेड कंपनीला बाप नसतो.”

“तुम्ही बोलू शकता असं, ताई. माझ्याच्याने होणार नाही. ज्यांच्या हातून नारळ फोडून घेतला, ते गेलेले असताना मी नोटीस पाठवू? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्ल्यासारखं होईल.”

“ईमेल जाणार आहे ऑफिसात. त्यांच्या घरी जाऊन कोणी हलगी वाजवत नाहीये.”

“तरी पण.”

आता तेरावा म्हणजे तेरा दिवस, असं तुम्हाला वाटेल. इथे तसं होत नाही. इथे क्रिमेटोरियमची तारीख मिळायला वेळ लागतो, कधीकधी दोन-अडीच आठवडे. माणूस तोवर फ्युनरल डिरेक्टरकडे थंड खोलीत थांबतो. घरचे अधांतरी. धड रडता येत नाही, धड कामाला लागता येत नाही. इल्फर्डच्या गुरुजींनी सांगितलं, दिवस अंत्यसंस्कारापासून मोजायचे. म्हणजे श्रीकांतचा ‘तेरावा होऊ दे’ हा जवळजवळ महिन्यावर गेला. मी कॅलेंडर काढून दिवस पुन्हा मोजले.

क्लायंटने सांगितल्याशिवाय मला नोटीस पाठवता येत नाही. एक दिवसाआड फोन करत राहिले. सोपी भाषा वापरली, कडक वापरली, घराची आठवण करून दिली. शेवटी तो माझा फोन उचलेनासा झाला. भीड भिकेची बहीण, असं आमच्या घरी येताजाता म्हणत. मला लहानपणी ती म्हण फार कोरडी वाटायची.

मग एकदा त्याचाच फोन आला. आवाज हलका, काहीतरी चांगलं घडल्यासारखा.

“ताई, राजाभाऊंचा फोन आला होता. बिचारे रडत होते. म्हणाले, मी इकडे अण्णांचं करतोय आणि तिकडे हँडओव्हरची तारीख चुकली तर डेव्हलपर रोजचा दंड लावेल. तू तेवढं सांभाळ.”

“आणि?”

“सांभाळलं. मी आणि माझे दोन्ही सुतार लागलो होतो. परवा शेवटचं दार बसलं. ताई, एक दार घासत नाही, एकालाही आवाज नाही. बिल्डिंग कंट्रोलचा माणूस म्हणाला, इतकं स्वच्छ काम बऱ्याच दिवसांत बघितलं नाही.”

मला त्याला गदागदा हलवावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं.

“ताई? आहात ना?”

“आहे.”

“तेराव्याला जातोय शनिवारी. राजाभाऊ म्हणाले, समोर बसून हिशोब करू. तुम्ही उगीच काळजी करताय.”

तो गेला. लीड्सहून इल्फर्ड, भल्या पहाटे निघून. गोडाचं जेवण जेवला. राजाभाऊंनी सगळ्यांदेखत त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, “पोरा, तू माझी लाज राखलीस.” हिशोबाला ते काही बसले नाहीत, पाहुणे होते. हे मला त्याने स्वतः सांगितलं, कौतुकाने.

पुढच्याच आठवड्यात राजाभाऊंची कंपनी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली. म्हणजे काय, तर कंपनी बुडायला लागली की बाहेरचा एक माणूस नेमतात, ॲडमिनिस्ट्रेटर. मालकाच्या हातातून चाव्या जातात. आणि त्या क्षणापासून कंपनीभोवती कुंपण पडतं. कोणालाही तिच्यावर दावा लावता येत नाही. माझ्याकडे दुसरं हत्यार होतं ते ॲडज्युडिकेशनचं. कोर्टात न जाता एक तज्ज्ञ माणूस काही आठवड्यांत निकाल देतो, पैसे आधी द्या आणि भांडायचं असेल तर नंतर भांडा. फार चांगली सोय आहे. त्याचे कागदही माझ्याकडे तयार होते. आता तेही कुंपणाबाहेर.

मी ॲडमिनिस्ट्रेटरच्या ऑफिसला फोन लावला. अतिशय गोड आवाजाचा एक तरुण होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला.

“दारं सुटी आहेत की फिक्स झालीत?”

“फिक्स झालीत.”

“ओह,” तो म्हणाला. खरंच वाईट वाटल्यासारखं म्हणाला. “मग ती आमच्याकडेही नाहीत. ती मालकाची झाली. तुमच्या क्लायंटने क्लेम पाठवावा, पण बँक आधी आहे. पाउंडामागे चार पेन्स जरी आले तरी मला आश्चर्य वाटेल.”

मग मी डेव्हलपरकडे गेले. काही मिळणार नाही हे माहीत होतं, तरी गेले. त्यांची प्रोजेक्ट मॅनेजर केट सरळ बाई होती. मला चहा दिला.

“त्या दारांचे पैसे आम्ही दिलेत,” केट म्हणाली. “मेन कॉन्ट्रॅक्टरला. एका दारासाठी दोनदा पैसे देऊ, असं मी माझ्या बोर्डाला कसं सांगू?”

“राजाभाऊंना दिले? कधी?”

तिने सांगितलं. अण्णा जायच्या आधी.

मी कप खाली ठेवला. केटने माझ्याकडे पाहिलं आणि ती पुढे म्हणाली, “हे बघ, लिफ्टच्या माणसाने कंट्रोल पॅनल लावलंच नव्हतं. पैसे मिळाल्याशिवाय लावणार नाही म्हणाला. त्याला आम्ही परवा डायरेक्ट पैसे दिले. आम्हाला बिल्डिंग उघडायची आहे. दारं तुमच्या माणसाच्या युनिटमध्ये असती, तर मी त्यालाही दिले असते. त्याच दिवशी. खरंच.”

मला हे ऐकायचं नव्हतं. जे हरवलं ते मिळणार नव्हतंच, असं समजून माणूस स्वतःला समजावू शकतो. ते अगदी हाताशी होतं, हे कळल्यावर समजावायला काही उरत नाही. श्रीकांतला हे सांगावं की नाही, याचा विचार करत मी कार पार्कमध्ये बराच वेळ गाडीत बसून होते. शेवटी सांगितलं. तो क्लायंट होता, त्याला सांगणं माझं काम होतं.

सांगायला घरी गेले तेव्हा मेधा ड्यूटीवरून नुकतीच आली होती. गळ्यातलं आयडी कार्डही तिने काढलं नव्हतं. तिने सगळं ऐकलं. लिफ्टवाल्याचं ऐकताना ती खुर्चीवर बसली.

“राजाभाऊंना माहीत होतं का हो, ताई?”

मी काही बोलायच्या आत श्रीकांत म्हणाला, “नसणार. वडील गेलेला माणूस खोटं रडेल का?”

“खोटं रडले असं मी म्हणत नाही,” मी म्हटलं. “वडील गेले, ते खरंच आहे. पण कंपनी बुडतेय हे मालकाला शेवटच्या दिवशी कळत नाही, श्रीकांत. दोन्ही खरं असू शकतं. एका डोळ्याने रडता येतं, दुसऱ्याने बघता येतं.”

मेधा उठली.

“तुला माहितीये आमच्याकडे काय करतात?” ती त्याला म्हणाली. ओरडली नाही, ते जास्त वाईट होतं. “पेशंट जातो ना, तेव्हा आम्ही आधी वेळ लिहितो. सही करतो. मग जाऊन नातेवाइकांजवळ बसतो. आधी लिहितो, मग बसतो. त्याने कोणी कमी माणूस होत नाही. तू एक सही केली असतीस. मग अख्खा महिना इल्फर्डला जाऊन बसला असतास, मी डबे करून दिले असते.”

“मला नाही जमलं गं.”

“हो. आणि घर माझंही आहे.”

तिथे माझं काही काम नव्हतं. मी चपला घातल्या आणि निघाले. सल्ला देण्याचे पैसे घेणाऱ्या बाईला अशा वेळी सल्ला सुचत नाही.

कर्जाचे हप्ते सुरू झाले, युनिटचं भाडं थकलं, सुतारांचा पगार श्रीकांतने शेवटपर्यंत दिला. त्यात होतं नव्हतं ते गेलं. राजाभाऊंकडे जो पाच टक्के रिटेन्शन अडकला होता, म्हणजे काम नीट झालं याची खात्री म्हणून सगळेच जो थोडा भाग मागे ठेवतात, तोही कंपनीबरोबर बुडाला. काम नीट झालं होतं, त्याबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. मी वेगवेगळे रस्ते शोधले, एका सॉलिसिटर मैत्रिणीला फुकट वाचायला लावलं. ती म्हणाली, कशाला पैसे घालवतेस त्याचे अजून. शेवटी घर विकायचं ठरलं.

घर रिकामं करायच्या दिवशी मी पोळीभाजी घेऊन गेले. खोके बांधून झाले होते. बैठकीच्या भिंतीत श्रीकांतने केलेलं देवघर तेवढं होतं तसंच होतं. सागवानी, छोट्या महिरपीचं, भिंतीत खाचा घेऊन पक्कं बसवलेलं. मेधा एकेक देव काढून स्टीलच्या डब्यात ठेवत होती, मध्ये रुमाल घालून.

“हे नाही नेणार?” मी विचारलं.

घर विकताना इथे आधी लिहून द्यावं लागतं, कुठल्या वस्तू आपण नेणार आणि कुठल्या घराबरोबर राहणार. लिहिलं नाही, तर जे भिंतीला पक्कं असेल ते घेणाऱ्याचं. श्रीकांत सुतार होता, अर्ध्या तासात सोडवून दिलं असतं त्याने. घेणारं जोडपंही चांगलं होतं, नाही म्हटलं नसतं.

“लिहायचं राहिलं,” तो म्हणाला.

“मग फोन करून विचार. मी करू का?”

“नको, ताई.” त्याने महिरपीवरून एकदा हात फिरवला, दारांवरून फिरवायचा तसाच. “आता विचारायचं कसं? त्यांनी घर बघितलं तेव्हा हे होतं. बसवलेलं आहे.”

मेधाने डब्याचं झाकण लावलं. ती त्याच्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

श्रीकांत आता दुसऱ्याच्या कंपनीत पगारी सुतार आहे. चांगलं काम करतो म्हणतात. मी अजून तेच करते. फक्त नवा क्लायंट आला की कॉन्ट्रॅक्ट उघडण्याआधी एक प्रश्न विचारते, समोरचा तुमचा कोण लागतो? कोणी लागत नाही असं उत्तर आलं तर निवांत काम करते. काका, दादा, भाऊ असं काही ऐकू आलं, तर नोटिशीचा मसुदा पहिल्याच दिवशी करते आणि त्याच दिवशी त्यावर क्लायंटची सही घेऊन ठेवते. लोकांना राग येतो. येऊ दे.